शहराच्या नावाचं डोमेन मागायचंय? मग अर्ज सर्वांत शेवटी

डॉट बर्लिन, डॉट लंडन, डॉट पॅरिस, डॉट एनवायसी, डॉट टोकियो. जगातली बरीच शहरं आपल्या नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे वेबपत्त्यातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग, चालवतात. भारतातल्या एकाही शहराचं अजून नाही. त्यामुळे ‘आपल्या शहराचंही हवं’ ही कल्पना कुठल्या ना कुठल्या नागरिक मंचात, व्यापारी संघटनेत किंवा महापालिकेच्या आयटी विभागात अधूनमधून निघतेच. कल्पना चांगली आहे. पण ती हातात घेणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी लोगो, मग पत्रकार परिषद, मग अर्जाची चौकशी, मग पैशांसाठी धावपळ. नावं कोणाला द्यायची, हा प्रश्न कोणी मुद्दाम विचारेपर्यंत निघतच नाही. शहराला डोमेन का हवं याचं निम्मं उत्तर त्याच प्रश्नात आहे. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत. एक टप्पा अडला तर तो सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: नेमकं काय हवंय ते वेगळं करा

बैठकीत ‘डोमेन’ म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते. गोष्टी तीन आहेत, आणि तिन्हींचा खर्च, वेळ आणि मालक वेगळा.

पहिली म्हणजे एका नावाची नोंदणी. शहराच्या नावापुढे डॉट इन किंवा डॉट कॉम. ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडून, विकत मिळते, आणि ज्याने आधी घेतली त्याची होते. महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळासाठी तर सरकारी गव्ह डॉट इन आहेच.

दुसरी म्हणजे डॉट इनच्या खाली शहराचा स्वतंत्र विभाग. डॉट इन चालवणाऱ्या निक्सीच्या विभागांमध्ये को डॉट इन, ऑर्ग डॉट इन यांच्याबरोबर दिल्ली डॉट इन, गुजरात डॉट इन आणि बिहार डॉट इनही आहेत. महाराष्ट्राचा नाही. असा विभाग कसा राखता येतो, याचं ताजं उदाहरण बँक डॉट इनचं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे यायला सांगितलं आणि नोंदणीचं काम आयडीआरबीटी या आपणच स्थापन केलेल्या एकाच संस्थेकडे दिलं. तिथे बँकेखेरीज कोणाला नाव मिळत नाही. शहराच्या विभागाला हाच साचा लागू होऊ शकतो.

तिसरी म्हणजे शहराचं स्वतःचं एक्स्टेन्शन, तांत्रिक भाषेत टॉप लेव्हल डोमेन. डॉट बर्लिन हे त्यातलं. ते विकत मिळत नाही. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरावीक काळातच अर्ज घेते, छाननी करते आणि मग दहा वर्षांचा करार करते. आधीची फेरी २०१२ मध्ये झाली. पुढच्या फेरीची खिडकी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ अशी ठरली. दोन फेऱ्यांमध्ये चौदा वर्षं. खिडकी उघडल्यावर तयारीला लागणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

माझं मत विचाराल तर मुंबई-पुणे सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना दुसरा मार्गच परवडेल. त्यालाही खालचे नियमांचे टप्पे जसेच्या तसे लागतात, म्हणून लेख अर्ध्यात सोडू नका.

तपासणी: हव्या असलेल्या पत्त्यांची यादी करा. यादीत फक्त महापालिकेचीच पानं असतील तर गव्ह डॉट इन पुरेसं आहे. इथेच थांबा.

## टप्पा २: बाजू एका पानावर मांडा

एकाच पानावर. वीस पानांचा अहवाल आयुक्तांच्या टेबलावर पडून राहतो.

टिकणारे मुद्दे तीनच आहेत. पहिला ओळखीचा. मालमत्ता कर किंवा पाणीपट्टीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लिंक खरी की खोटी, हे आज नागरिकाला पत्त्यावरून ओळखता येत नाही. शहराच्या एक्स्टेन्शनमध्ये ‘कर’ आणि ‘पाणी’ ही नावं कायमची महापालिकेकडे असतील, तर एक साधी खूण मिळते. दुसरा नावांचा. डॉट कॉममधली छोटी, लक्षात राहणारी नावं कधीच संपली. नवीन एक्स्टेन्शनमध्ये कोपऱ्यावरच्या खानावळीलाही तिचं सरळ नाव मिळू शकतं. तिसरा वस्त्यांचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. न्यूयॉर्कमध्ये डॉट एनवायसीची मागणी क्वीन्स भागातल्या एका कम्युनिटी बोर्डाने, म्हणजे स्थानिक वस्ती समितीने, २००१ मध्येच ठरावाने केली होती. मागणी वर सरकून शहर सरकारपर्यंत गेली, आणि एक्स्टेन्शन उघडल्यावर वस्त्यांची नावं बाजूला काढून त्या त्या वस्तीतल्या संस्थांना चालवायला देण्याची योजनाही आली.

न टिकणारे मुद्देही आधीच खोडून टाका, नाहीतर पहिल्याच बैठकीत कोणीतरी ते खोडेल आणि सोबत तुमचे चांगले मुद्देही वाहून जातील. ‘गूगलमध्ये वर येऊ’ हा त्यातला सर्वांत लाडका. गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट केलं होतं की डॉट लंडनसारखी शहरी एक्स्टेन्शन्स दिसायला स्थानिक असली तरी त्यांना इतर सर्वसाधारण एक्स्टेन्शन्ससारखंच वागवलं जाईल. ‘महापालिकेला उत्पन्न मिळेल’ हा दुसरा. त्याचा हिशेब टप्पा ७ मध्ये आहे. ‘लंडनने घेतलं म्हणून’ हे कारणच नव्हे.

सावधान: ओळखीचा मुद्दा नियम कडक असतील तरच खरा ठरतो. ‘कर’ हे नाव कोणालाही विकत घेता येत असेल, तर तुम्ही भामट्याला जास्त विश्वासार्ह पत्ता मिळवून दिलात.

## टप्पा ३: नाव ठरवा आणि कागदावर तपासा

इथे लोक पाच मिनिटं घालवतात. महिना घालवायला हवा.

शहराचं नाव म्हणून अर्ज करायचा तर ते शहराच्या अधिकृत कागदपत्रांत तसंच असावं लागतं. रोमनमध्ये नाशिक दोन पद्धतींनी लिहिलं जातं. महापालिकेच्या शिक्क्यावर, राजपत्रात आणि ठरावांत कोणतं आहे ते बघा. तिन्हींत वेगवेगळं निघालं तर आधी ते एक करून घ्या.

नाव बदललेल्या शहरांना जास्त जपावं लागतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनं नाव मागितलं तर सरकारी संमती मिळणं अवघड. शिवाय बिहारमध्येही औरंगाबाद आहेच. नवं पूर्ण नाव मागितलं तर ‘छत्रपतीसंभाजीनगर’ रोमनमध्ये चोवीस अक्षरांचं होतं. ते फोनवर कोण टाइप करणार? लहान रूप चालू शकतं, न्यूयॉर्कने तेच केलं. मात्र ते रूप शहराचंच आहे हे कागदाने दाखवता यायला हवं.

नावं जुळण्याचा धोका दूरवरूनही येतो. टाटा समूहाने डॉट टाटा मागितलं तेव्हा मोरोक्कोचा प्रश्न उभा राहिला, कारण त्या देशात टाटा नावाचा प्रांत आहे आणि देशांच्या अंतर्गत विभागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते नाव आहे. अशा यादीतल्या नावाला त्या सरकारची संमती किंवा ‘हरकत नाही’ असं पत्र लागतं, वापर कशासाठीही असो. शेवटी डॉट टाटा मिळालं, पण मुंबईतल्या कंपनीला आपल्याच नावासाठी उत्तर आफ्रिकेकडे बघावं लागलं. हैदराबादकरांनी सिंधमधल्या हैदराबादचा विचार आधीच करून ठेवावा. आणि गोव्याचं नाव त्याच यादीत राज्य म्हणून आहे, त्यामुळे डॉट गोवा मागणाऱ्याला पणजी महापालिकेचं पत्र पुरणार नाही, राज्य सरकारचं लागेल.

आता लिपी. देवनागरीत ‘डॉट मुंबई’ मागता येतं. ‘डॉट भारत’ २०१४ पासून देवनागरीत चालूच आहे. पण रोमन आणि देवनागरी हे दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या फिया. मॉस्कोने दोन्ही लिप्यांत घेतलं. कोलोनने जर्मन आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपं घेतली, इस्तंबूलने पूर्ण नाव आणि तीन अक्षरी रूप. भावना देवनागरीकडे ओढते, पण आजही बऱ्याच फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल पत्ता ‘अवैध’ म्हणून परत येतो. एकच परवडत असेल तर रोमन घ्या, आणि त्याच्या डावीकडे देवनागरी नावं नोंदवता येतील अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

देवनागरी नावात एक खास आपला खड्डा आहे. काही कीबोर्ड जोडाक्षरांसाठी अदृश्य जोडचिन्ह घुसवतात. एक्स्टेन्शनमध्ये ते चालत नाही. ‘कऱ्हाड’ लिहिताना साध्या र आणि अदृश्य चिन्हाने केलेला ‘ऱ्ह’ आणि नुक्त्याच्या ऱ ने केलेला ‘ऱ्ह’ डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. अर्जात नुक्त्याचा ऱ हवा.

तपासणी: नाव ज्या फाइलमधून अर्जात जाणार, तिथे एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक कोणाकडून तरी वाचून घ्या.

## टप्पा ४: संमतीपत्र, आणि सही कोणाची

शहराच्या नावाच्या अर्जाला त्या शहराच्या सरकारचा पाठिंबा किंवा ना-हरकत लागते. ‘शुभेच्छा’ देणारं पत्र चालत नाही. मागितलेलं नाव नेमकं कोणतं, ते कशासाठी वापरणार, आणि ही मागणी आयकॅनच्या प्रक्रियेतून त्यातल्या अटींसह होत आहे हे सही करणाऱ्याला माहीत आहे, या तीन गोष्टी पत्रात स्पष्ट दिसाव्या लागतात. यातली एक जरी राहिली तरी पत्र परत येतं.

सहीचा प्रश्न आपल्याकडे गुंतागुंतीचा आहे. मुंबई महापालिका १८८८ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालते, बाकीच्या महापालिका १९४९ च्या. प्रशासकीय अधिकार आयुक्तांकडे, धोरणाचा सभागृहाकडे, आणि नगरविकास खातं राज्याकडे. आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीत भारताची बाजू केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय मांडतं. एकापेक्षा जास्त सरकारांचा संबंध असेल तर त्या सगळ्यांना शोधणं ही अर्जदाराची जबाबदारी आहे. म्हणून क्रम असा ठेवा:

१. सर्वसाधारण सभेचा ठराव, नावाच्या अचूक स्पेलिंगसह.
२. त्या ठरावाचा हवाला देणारं आयुक्तांचं पत्र.
३. राज्याच्या नगरविकास आणि माहिती तंत्रज्ञान विभागाची ना-हरकत.
४. दिल्लीच्या मंत्रालयाला सगळ्याची प्रत आणि भेट.

चौथी पायरी सक्तीची नाही, पण ती गाळू नका. कुठलंही सरकार प्रसिद्ध झालेल्या अर्जावर पूर्वइशारा देऊ शकतं. २०१२ च्या फेरीत भारताने डॉट इंडियन्सवर हरकत घेतली होती. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीला अर्जेंटिना आणि चिलीच्या विरोधानंतर २०१३ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला.

सावधान: निव्वळ प्रशासकाच्या सहीवर विसंबू नका. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिका बराच काळ प्रशासकांच्या हाती होत्या. अशा काळातलं पत्र कायद्याने चालेल, पण निवडून आलेलं सभागृह ते आपलं मानेलच असं नाही, आणि तुमचा करार दहा वर्षांचा आहे.

पत्र देणाऱ्या महापालिकेलाही एक सूचना. पत्रासोबत अर्जदाराशी वेगळा करार करा: मालकी बदलली तर काय, नियम मोडले तर काय. पुढे सरकार आणि चालक यांच्यात वाद झाला तर त्या सरकारच्या हद्दीतल्या न्यायालयाचा बंधनकारक आदेश आयकॅन पाळते. पण न्यायालयापुढे ठेवायला अटी कुठेतरी लिहिलेल्या असाव्या लागतात.

## टप्पा ५: करार कोणाच्या नावावर

जमिनीत सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते आधी बघतात, इथेही तेच बघा. न्यूयॉर्क, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि इस्तंबूलमध्ये आयकॅनशी करार थेट शहराच्या सरकारचा आहे. तांत्रिक काम दुसऱ्याकडे. बर्लिनमध्ये करार खासगी कंपनीचा आहे. लंडनमध्ये शहराच्या प्रचार-प्रसारासाठी असलेल्या संस्थेने त्यासाठी वेगळी कंपनी काढली. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन, जोबर्ग आणि डर्बन ही तिन्ही एक्स्टेन्शन्स एकाच ना-नफा रजिस्ट्रीकडे, म्हणजे एक्स्टेन्शन चालवणाऱ्या संस्थेकडे, आहेत. महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांनी एकत्र यायचं ठरवलं तर हा शेवटचा नमुना बघण्यासारखा आहे.

मी शहराच्या नावावरच्या कराराच्या बाजूने आहे. डॉट एनवायसीचं तांत्रिक काम न्यूस्टार या कंपनीकडे होतं. २०२० मध्ये तो व्यवसाय गोडॅडीने घेतला. चालक बदलला, पण करार शहराचाच राहिला.

व्यक्तीच्या नावावर अर्ज होत नाही, नोंदणीकृत संस्था लागते. हे दिसायला किरकोळ, पण नागरिक मंच नेमका इथेच अडकतो.

## टप्पा ६: नियम लिहा. घाई करू नका

शहराची बाजू भक्कम की पोकळ ते या टप्प्यावर ठरतं.

नाव कोणाला मिळेल. न्यूयॉर्कचा नियम कडक आहे: व्यक्तीचं मुख्य राहतं घर किंवा संस्थेचा खरा पत्ता शहरात हवा, पोस्टाची पेटी चालत नाही, नोंदणी टिकेपर्यंत ही अट टिकली पाहिजे. बर्लिन सैल आहे. आर्थिक, सांस्कृतिक, ऐतिहासिक, कसलाही संबंध पुरतो. पॅरिस मधोमध आहे, आजूबाजूच्या इल-द-फ्रान्स प्रदेशाशी नातं असलं तरी चालतं.

आपल्याकडे कोणता नियम? न्यूयॉर्कचा जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच दिवशी अडचण येईल. पिंपरी-चिंचवड वेगळी महापालिका आहे, पण तिथल्या कितीतरी दुकानांच्या पाटीवर पुणे लिहिलेलं असतं. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, पुढे दोन बाहेरही काढली गेली. नकाशाला बांधलेला नियम दर हद्दवाढीला बदलावा लागेल. डोंबिवलीत राहून रोज फोर्टला कामाला जाणारा मुंबईकर आहे की नाही, हे ठरवायला रजिस्ट्रीत न्यायाधीश बसवायचा का? पॅरिससारखा महानगर प्रदेशाचा नियम आपल्याला जास्त बसतो. मुंबईसाठी एमएमआरडीएचं क्षेत्र, पुण्यासाठी पीएमआरडीएचं.

पुरावा कोणता घ्यायचा तेही आत्ताच ठरवा. मालमत्ता कराची पावती मागितली तर भाडेकरू बाद. दुकानांसाठी शॉप अ‍ॅक्टचा परवाना ठीक आहे, पण फेरीवाला आणि घरून डबे देणारी बाई तिथे बसत नाहीत. आधारची प्रत गोळा करू नका. ती सांभाळण्याची जोखीम रजिस्ट्रीने का घ्यावी? स्वघोषणा घ्या, अधूनमधून काही नोंदी निवडून तपासा, आणि खोटं निघालं तर मुदत देऊन नाव गोठवा.

राखीव नावं. ही यादी बैठकीत सुचेल तशी करू नका. महापालिकेच्या प्रत्येक खात्याला त्याच्या सेवांची नावं लेखी मागा. मग ही वर्गवारी:

- नागरी सेवा: कर, पाणी, दवाखाना, अग्निशमन, जन्म-मृत्यू नोंद. कायम महापालिकेकडे.
- प्रभाग आणि वॉर्ड: मुंबईच्या जी उत्तर किंवा के पश्चिमसारखी नावं. वॉर्ड कार्यालयाकडे.
- पेठा, गावठाणं, कोळीवाडे, वाड्या: विकायची नाहीत. स्थानिक संस्थांकडून प्रस्ताव मागवून ठरावीक वर्षांसाठी द्यायची, आणि चालवली नाहीत तर परत घ्यायची.
- सामान्य शब्द: रिक्षा, हॉटेल, नोकरी, डॉक्टर, घर.

शेवटच्या वर्गावरून भांडण होणार. लिलाव केला तर सुरुवातीला पैसा येतो, पण ‘डॉक्टर’ हे नाव एखाद्या जाहिरात कंपनीकडे जातं आणि तिथे फोन नंबरांचा बाजार भरतो. ‘रिक्षा’ हे नाव कोणाकडे असेल यावर त्या शब्दाचा शहराला उपयोग होणार की नाही ते ठरतं. किमान दोन-तीन डझन शब्द लिलावातून बाहेर काढा आणि ‘चालवून दाखवा’ या अटीवर द्या.

प्रत्येक राखीव नावाची सगळी स्पेलिंगं एकत्र राखा. ‘पाणी’ राखलं आणि रोमनमधलं दुसरं रूप मोकळं सोडलं तर ते राखीव नाहीच. गणेश मंडळं, देवस्थानं, महापुरुषांची नावं यांची वेगळी यादी करा आणि मागणी आल्यावर काय करायचं ती पद्धत लिहून ठेवा. गर्दी जमल्यावर पद्धत लिहिता येत नाही.

सावधान: हे नियम आयकॅनच्या करारात स्वेच्छा बांधिलकी म्हणून घालता येतात, आणि एकदा घातले की बंधनकारक होतात. मात्र ते ‘नाव कोणाला’ याबद्दलचे हवेत. संकेतस्थळावर काय मजकूर चालेल अशी बांधिलकी आयकॅन करारात घेत नाही.

## टप्पा ७: पैशाचा खरा हिशेब

अर्जाची फी २,२७,००० डॉलर. सुमारे दोन कोटी रुपये, आणि अर्ज नापास झाला तरी ती पूर्ण परत येत नाही. २०१२ मध्ये ती १,८५,००० होती. गरजू अर्जदारांसाठी सवलतीची योजना होती, पण तिची खिडकी मुख्य खिडकीच्या आधी असते. मिळाल्यावर आयकॅनला दरवर्षी पंचवीस हजार डॉलरांहून थोडी जास्त ठरावीक रक्कम, म्हणजे साधारण बावीस लाख रुपये. त्यावर तांत्रिक चालकाचं बिल, तक्रारी बघणारी माणसं, वकील, प्रचार.

आता जमेची बाजू मांडून बघा. समजा दहा हजार नावं गेली आणि रजिस्ट्रारचा वाटा वजा जाता प्रत्येकी पाचशे रुपये हाती आले. वर्षाचे पन्नास लाख. त्यातून आयकॅनची रक्कम आणि चालकाचं बिल भागलं की पगारापुरतंच उरतं. फीचे दोन कोटी त्यातून फिटायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच काढा. म्हणून अंदाजपत्रकात हा खर्च ग्रंथालय किंवा उद्यानासारखा, सेवेचा म्हणून दाखवा. उत्पन्नाच्या शीर्षाखाली दाखवलात तर तिसऱ्या वर्षी लेखापरीक्षक प्रश्न विचारेल आणि कोणीतरी राखीव नावं विकायला काढेल.

तपासणी: पाच हजारच नावं गेली तरी पाच वर्षं चालेल एवढी तरतूद आहे का? नसेल तर टप्पा १ मधला दुसरा मार्ग.

## टप्पा ८: आता अर्ज

तांत्रिक भागाला घाबरू नका. या फेरीत तांत्रिक चालकांची तपासणी वेगळी आणि आधीच होते; तुम्ही तपासलेल्यांपैकी एक निवडायचा. त्याच्याशी करार करताना बाहेर पडण्याचं कलम नीट वाचा: माहिती किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत देणार.

अर्जात पर्यायी नावही देता येतं. द्या. त्याच नावाचे दोन अर्ज आले तर खासगीत पैसे देऊन एकाला माघार घ्यायला लावणं या फेरीत चालत नाही, वाद आयकॅनच्या लिलावात जातो. शहराच्या नावाला मात्र संमतीपत्र ही पहिली चाळणी आहे, त्यामुळे महापालिकेने दोन अर्जदारांना पत्रं देण्याचा उदारपणा दाखवू नये. दोन्ही अर्ज अडकून पडतात.

पैसे डॉलरमध्ये, बँकेमार्फत जातात. सरकारी संस्थेला परदेशी रक्कम पाठवायला लागणाऱ्या मंजुऱ्या दोन महिने आधी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात ‘फाइल लेखा विभागात आहे’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर.

तपासणी: ठराव, संमतीपत्र, नियमावली आणि अर्ज शेजारी ठेवून वाचा. चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे? वापराचा हेतू एकच आहे? हेतू एकीकडे ‘नागरी सेवा’ आणि दुसरीकडे ‘पर्यटन प्रसार’ असेल तर छाननीत तोच पहिला प्रश्न येतो.

## टप्पा ९: उघडण्याचा क्रम

दारं एकदम उघडायची नसतात. आयकॅनच्या नियमानुसार सर्वांसाठी नोंदणी सुरू होण्याआधी ट्रेडमार्कधारकांसाठी किमान तीस दिवसांचा काळ ठेवावा लागतो, आणि नंतरचे किमान नव्वद दिवस ट्रेडमार्कशी जुळणारं नाव घेणाऱ्याला सूचना जाते. त्याही आधी प्रचारासाठी शंभरपर्यंत नावं देता येतात. ही शंभर नावं नगरसेवकांच्या फोटोंच्या पानांवर उडवू नका. वस्तीतली ग्रंथालयं, एखादी जुनी खानावळ, बचत गट, नाट्यगृह अशी रोज उघडली जाणारी पानं निवडा. एक्स्टेन्शन लोकांना दिसतं ते अशा पानांमुळे.

ट्रेडमार्कनंतर सरळ सर्वांसाठी न उघडता स्थानिकांना प्राधान्याचा काळ द्या. लंडनने २०१४ मध्ये सुरुवातीचे तीन महिने लंडनकरांना पुढे ठेवलं होतं. शॉप अ‍ॅक्टवाले, नोंदणीकृत संस्था, मग रहिवासी, मग बाकीचे.

उघडण्याच्या दिवशी तक्रार कक्ष चालू हवा, मराठीत, फोन उचलणारा माणूस असलेला. बनावट कर भरणा पानाची तक्रार आली तर ते काही तासांत बंद झालं पाहिजे. टप्पा २ मध्ये लिहिलेला पहिला मुद्दा त्याच दिवशी कसाला लागतो.

आणि नावं फुकट वाटू नका. बर्लिनने २०१४ च्या उन्हाळ्यात मोफत नोंदणी काढली. आकडा लाखाच्या पुढे गेला, त्यातली हजारो नावं मोजक्या हातांत गेली, आणि वर्षाने पैसे भरायची वेळ आली तेव्हा मोठा हिस्सा गळून पडला. एका व्यक्तीला किती नावं मिळतील याची मर्यादा पहिल्या दिवसापासून ठेवा. पहिल्या वर्षाचा आकडा कोणी मागितला तर द्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. तेराव्या महिन्यात किती जणांनी नूतनीकरण केलं आणि त्यातल्या किती पत्त्यांवर खरोखर काही चालू आहे, हे दोन आकडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवा.